ब्रेकवर भरवसा कसा बसतो: पेडलापासून वळणापर्यंत

ब्रेकवर भरवसा नसलेला माणूस गाडी कशी चालवतो, हे शेजारच्या सीटवरून कधी नीट बघा. रस्ता सरळ आणि रिकामा असला तरी त्याचा पाय पेडलावर तरंगत असतो. वळण दिसलं की तो फार आधीच ब्रेक दाबतो, मग सोडतो आणि वळणाच्या मध्यावर घाबरून पुन्हा दाबतो. मागे बसलेल्यांच्या माना पुढे-मागे होतात. काही दिवसांनी त्यालाच वाटायला लागतं, की आपल्याला गाडी जमत नाही. बऱ्याच वेळा दोष त्याच्या हातापायांचा नसतो. काल जेवढं पेडल दाबून गाडी मंदावली, तेवढंच आज दाबल्यावर वेगळंच काही होतं आणि पायाला अंदाज बांधताच येत नाही.

धड स्थितीतल्या जवळपास सगळ्या गाड्यांचे ब्रेक चाकं जाम करण्याइतके जोरकस असतात. ताकद सहसा कमी पडत नाही, सारखेपणा कमी पडतो. थंड गाडीत, गर्दीत तापलेल्या गाडीत आणि ओल्या रस्त्यावर पेडलाचा अंदाज चुकेनासा झाला, की पाय मोकळा होतो, नजर लांब जाते आणि वळणं आपोआप गुळगुळीत होतात. १९५३च्या ल मान्स शर्यतीत (फ्रान्समधली २४ तासांची शर्यत) जॅग्वारच्या सी-टाइप गाड्या डनलॉपचे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी तबकडी घासपट्ट्यांच्या, म्हणजे पॅडच्या, चिमट्यात पकडणारे) लावून उतरल्या आणि पहिल्या दोन क्रमांकांवर आल्या. त्यांच्याहून मोठ्या इंजिनाच्या गाड्या मैदानात होत्या, पण ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून घासणारे) तापले की ढिले पडत. डिस्कवाल्या चालकाला २४ तास, प्रत्येक फेरीत, वळणाच्या जवळ जाऊन ब्रेक मारायची खात्री होती. रोजच्या गाडीतही हीच खात्री मिळवायची आहे. ती कशी, ते आता क्रमानं बघू.

आधी हे समजून घ्या: ब्रेक दाबला की वजन सरकतं

ब्रेक लागताच गाडी नाक खाली घालते. त्या क्षणी मागच्या चाकांवरचा भार पुढच्या चाकांवर येतो. समजा १२०० किलोची गाडी आहे, पुढच्या चाकांवर ७२० आणि मागच्यांवर ४८० किलो. कोरड्या रस्त्यावर कडक ब्रेक मारला, की साधारण २०० किलो भार पुढे सरकतो. म्हणजे पुढे ९२०च्या आसपास आणि मागे जेमतेम २८०. नेमका आकडा गाडीची उंची आणि दोन अ‍ॅक्सलमधलं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं, अंतर यांवर ठरतो. उंच, आखूड गाडीत तो जास्त असतो.

गाडीच्या वागण्याच्या पुष्कळशा गोष्टी यातून उलगडतात. पुढचे ब्रेक मोठे का, पुढचे पॅड आधी का झिजतात, तर काम त्यांच्याकडे जास्त आहे. वळणात अचानक ब्रेक मारल्यावर शेपूट का सुटते, तर मागच्या टायरांवरचा भार नेमका नको तेव्हा उचलला जातो. आणि हलका ब्रेक धरून वळणात शिरलं की गाडी जास्त उत्साहानं का वळते? कारण स्टिअरिंग ज्या चाकांना फिरवतं, त्यांच्यावर भार आलेला असतो. म्हणून मी ब्रेकला अर्धं स्टिअरिंगच मानतो.

दुसरी गोष्ट टायरच्या पकडीची. प्रत्येक टायर हाताच्या पंजाएवढ्या जागेनं रस्त्याला टेकलेला असतो. तिथे जी काही पकड मिळते, तीच ब्रेकला आणि वळणाला मिळून वापरायची. हिशेब मात्र साध्या वजाबाकीचा नाही, काटकोन त्रिकोणाचा आहे. पकडीतले १०० टक्के ब्रेकला दिले, तर वळायला शून्य उरतं. ब्रेक ८० टक्क्यांवर आणला, तर वळायला २० नाही, तब्बल ६० टक्के मिळतात, कारण ८० आणि ६० यांचे वर्ग मिळून १००चा वर्ग होतो. हे एकदा मनात ठसलं, की गाडी सरळच चाललीय आणि वळत नाही अशा वेळी काय करायचं ते कळतं: पाय थोडासा हलका करायचा, पूर्ण सोडायचा नाही. स्टिअरिंग परत हातात येतं.

हाच त्रिकोण वेगाच्या बाबतीतही भेटतो. एक गाडी ताशी ८० किमीवरून ब्रेक मारून एखाद्या अडथळ्याच्या अगदी अलीकडे थांबली. शेजारच्या गाडीनं त्याच जागी, त्याच ताकदीनं ब्रेक मारला, पण तिचा वेग १०० होता. तर पहिली जिथे थांबली, तिथे दुसरी अजून ताशी ६० किमीनं चाललेली असते. मला पहिल्यांदा हे गणित मांडल्यावर खोटं वाटलं होतं. पुन्हा करून पाहिलं, उत्तर तेच आलं. ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, त्याचा हा परिणाम.

पहिली पायरी: उभ्या गाडीत पेडल तपासा

आधी सीट. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहायला हवा आणि पाठ सीटला टेकलेली हवी. पाय ताणून टोकानं ब्रेक दाबणाऱ्याला जोर देता येत नाही आणि बारीक फरकही कळत नाही. इतका साधा बदल केल्यावर ब्रेक सुधारल्यासारखे वाटलेले लोक मी पाहिलेत.

आता इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. ते दगडासारखं कडक होईल. तसंच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली बसलं, तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) मदत करतोय. काहीच हललं नाही, तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूमचा पाइप तपासून घ्या. अलीकडच्या काही गाड्यांत बूस्टर विजेवर चालतो. तिथे ही चाचणी लागू पडत नाही, डॅशबोर्डवरचा दिवाच बघायचा.

इंजिन सुरू ठेवून मध्यम जोरानं अर्धा मिनिट पेडल धरा. ते जागच्या जागी राहायला हवं. हळूहळू खाली जात असेल, तर कुठे तरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं (पेडलाचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा भाग) सील गेलंय. अशी गाडी रस्त्यावर काढू नका. पेडल पहिल्यांदा खोल जातं आणि दोन-तीनदा भराभर दाबल्यावर वर येतं, असं असेल तर लाइनमध्ये, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीत, हवा आहे किंवा मागच्या ड्रमचं सेटिंग ढिलं झालंय. स्पंज दाबल्यासारखं मऊ लागलं, तर हवेचा संशय जास्त.

दुसरी पायरी: चाकं काढून बघा

सपाट, टणक जागा हवी. उरलेल्या चाकांना अडण लावा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही हात आत घालू नका, स्टँड लावायचाच. पॅडची धूळ फुंकर मारून उडवू नका, ती छातीत जायला नको. ब्रेक क्लीनरनं भिजवून पुसा.

पॅडची जाडी आतली आणि बाहेरची, दोन्ही बघा. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटरचा असतो. ३ मिलिमीटर उरले की बदलायचा. बाहेरचा पॅड चाकाच्या फटीतून दिसतो, म्हणून बहुतेक जण तोच बघून गाडी पास करतात.

याच चुकीचा मला फटका बसलेला आहे. माझी गाडी ब्रेक मारला की एका बाजूला किंचित ओढायची. किंचितच, म्हणून मी महिनोन् महिने रस्त्याच्या उताराला दोष दिला आणि नकळत स्टिअरिंग विरुद्ध बाजूला धरायची सवय लावून घेतली. सर्व्हिसिंगमध्ये दोनदा ‘पॅड चांगले आहेत’ असं ऐकलं. शेवटी मी स्वतः कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) उघडला. बाहेरचा पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक, आणि आतल्याची लोखंडी पाटी डिस्कपासून नखाएवढ्या अंतरावर. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांतली खालची हातानं हलेना. रबरी टोपीला चीर पडून पाणी आत गेलं होतं आणि ग्रीसच्या जागी तांबूस लगदा झाला होता. पिन साफ करून, ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं सिलिकॉन ग्रीस लावून, टोपी आणि दोन्ही बाजूंचे पॅड बदलून गाडी बाहेर काढली. पहिल्याच ब्रेकला गाडी रेघ मारल्यासारखी सरळ थांबली. मग लक्षात आलं, की इतके महिने प्रत्येक ब्रेकला माझे खांदे ताठ होत होते.

तर पिन हातानं सहज सरकतेय का, हे बघितल्याशिवाय चाक परत लावू नका. त्याबरोबर पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनची रबरी टोपी फाटलीय का, रबरी होजवर भेगा किंवा फुगा आहे का, डिस्कवर खोल चरे आहेत का, हेही बघा. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते; मोजून तिच्याखाली असेल, तर पॉलिश करत बसू नका, जोडीनं बदला. कॅलिपर काढला तर तो होजवर लटकू देऊ नका, तारेनं वर बांधा.

चाक लावताना नट एकाआड एक, ताऱ्याच्या आकारात, टॉर्क पान्यानं ठरलेल्या ताकदीनं आवळा. वेड्यावाकड्या आवळलेल्या नटांनी डिस्क तिच्या जागी किंचित तिरपी बसू शकते. आणि पॅड बदलले असतील, तर गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबा. मागे ढकललेला पिस्टन पॅडपर्यंत आलेला नसतो, त्यामुळे पहिला ब्रेक थेट तळाला जातो. हे विसरून गाडी भिंतीवर गेल्याचे प्रसंग घडतात.

ब्रेक ऑइल: सगळ्यात दुर्लक्षित भाग

आपण ऑइल म्हणतो, पण सर्वसाधारण गाड्यांत ते ग्लायकॉलवर आधारित असतं आणि हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ या प्रमाणित प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावरच्या अवस्थेसाठी हीच मर्यादा १५५ अंशांची आहे. डॉट ३ला हे आकडे २०५ आणि १४० असे आहेत. लांब उतारावर कॅलिपर तापला, की जुनं ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जात असल्यानं पेडल हवेत गेल्यासारखं खाली जातं.

सर्वसाधारण सल्ला दर दोन वर्षांनी बदलायचा. गाडीच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल, तर ते धरा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४मध्ये मिसळायचं नाही. डॉट ५.१ नावानं जवळचं वाटतं, पण ते ग्लायकॉलचंच आहे. डब्यातली पातळी खाली गेली, म्हणून नुसतं वरून ओतू नका. पॅड झिजत जातात तशी पातळी आपोआप उतरते. ती तुम्हाला पॅड बघायला सांगत असते. पॅड बरेच शिल्लक असूनही पातळी उतरली, तर गळती शोधा. रंगावर थेंब सांडला तर लगेच पाण्यानं धुवा, नाही तर रंग उठतो.

टायर आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरबद्दल थोडक्यात. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो टायर. अनेक देशांत नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण ३च्या खाली गेल्यापासूनच ओल्या रस्त्यावरची पकड चांगलीच घटलेली असते. आणि शॉक मेलेले असतील, तर खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारतं. हवेतल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? नवे पॅड घालूनही ज्यांची गाडी नीट थांबत नाही, त्यांनी आधी इथे बघावं.

तिसरी पायरी: रस्त्यावरची परीक्षा

रिकामा, सरळ, कोरडा रस्ता निवडा. मागे कोणी नाही याची खात्री करा. ताशी ६० किमीवर स्टिअरिंग हलक्या हातानं धरून आधी सौम्य, मग मध्यम ब्रेक दाबा. गाडी सतत एकाच बाजूला ओढत असेल, तर जाम पिन, अडकलेला पिस्टन, कमी-जास्त हवा किंवा सस्पेन्शनचा ढिला बुश (रबरी जोड), या क्रमानं शोधा. स्टिअरिंग थरथरत असेल, तर बहुधा पुढच्या डिस्क. थरथर सीटमध्ये जाणवली, तर मागचे ब्रेक. ‘डिस्क वाकडी झाली’ असं सर्रास म्हटलं जातं. पुष्कळदा ती वाकलेली नसते, तिची जाडी ठिकठिकाणी वेगळी झालेली असते. मिलिमीटरचे दोन-तीन शतांश एवढा फरक पायाला कळायला पुरतो.

पंधरा-वीस मिनिटं साधी गाडी चालवून थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ, हात न टेकवता, ऊब अजमावा. एकच चाक जोडीच्या चाकापेक्षा स्पष्ट गरम असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. अशी गाडी पेट्रोल जास्त खाते, ढकलल्यासारखी चालते आणि वळताना दोन्ही बाजूंना वेगवेगळी वागते.

नवे पॅड किंवा डिस्क घातल्या असतील, तर आधी त्यांची घडी बसवा. ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, मग पुन्हा वेग, असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही, कारण तापलेला पॅड एका जागी दाबून धरला, तर त्याचा थर डिस्कवर तिथेच चिकटतो आणि पुढे थरथर सुरू होते. त्यानंतर काही किलोमीटर ब्रेक न वापरता गाडी वाऱ्यावर गार होऊ द्या. पॅड बनवणाऱ्यानं वेगळी पद्धत दिली असेल, तर ती पाळा.

चौथी पायरी: पाय घडवा

चांगल्या ब्रेकचा आकार असा: सुरुवात हलकी, मग झपाट्यानं वाढवत नेलेला जोर, आणि गाडी थांबायच्या क्षणी पाय किंचित सैल. सुरुवातीच्या हलक्या दाबानं भार पुढच्या टायरांवर येतो. तो आल्यावर ते टायर जास्त ब्रेक झेलू शकतात. एकदम दणका दिला, तर भार पोहोचण्याआधीच पकड संपू शकते. शेवटचा सैलपणा प्रवाशांसाठी. कपातलं पाणी न सांडता थांबायचा सराव करून बघा, पंधरा दिवसांत जमतं.

आणीबाणीचा ब्रेक मात्र वेगळा शिकावा लागतो. १९७८ मध्ये बॉशनं बनवलेलं एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. चाक जाम व्हायला लागताच ते ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा कमी-जास्त करतं, त्यामुळे कडक ब्रेकमध्येही स्टिअरिंग चालतं. त्या वेळी पेडल पायाखाली धडधडतं, खरखर आवाज येतो. ज्यानं हे कधी अनुभवलं नाही, तो दचकून पाय उचलतो, तेही नेमक्या संकटात. घाबरलेला चालक पेडलापर्यंत झटकन पोहोचतो, पण पुरेसा जोर लावत नाही, हे लक्षात आल्यामुळेच १९९६ मध्ये मर्सिडीजनं ब्रेक असिस्ट (असा घाईचा दाब ओळखून उरलेला जोर स्वतः लावणारी यंत्रणा) आणलं. म्हणून मोकळ्या, बंद मैदानात ताशी ४० किमीवर पूर्ण जोरानं ब्रेक मारून ती धडधड पायाला ओळखीची करून द्या. पाय दाबलेलाच ठेवा आणि हळूच स्टिअरिंग फिरवून बघा, गाडी वळते. हे पाच-सहा वेळा केल्यावर माणसाच्या चेहऱ्यात पडणारा फरक मी पाहिलाय. जुन्या, एबीएस नसलेल्या गाडीत चाकं जाम होण्याच्या अगदी अलीकडे जोर धरून ठेवायचा असतो; टायर किंचाळून सरकायला लागला, की पाय जरासा हलका करायचा.

मग वळण. नवख्यानं सगळा ब्रेक सरळ रेषेत संपवावा, पाय उचलावा आणि वळावं. यात चुकायला जागा कमी. ते अंगवळणी पडलं, की पुढचा टप्पा: ब्रेक एकदम न सोडता, स्टिअरिंग जसजसं फिरेल तसतसा पाय हलका करत जायचं. पाय झटक्यात उचलला तर पुढचा भार झटक्यात मागे जातो आणि पुढचे टायर ऐन वळणात हलके पडतात. ब्रेक सोडणं हे दाबण्याइतकंच कसबाचं काम आहे, पण शिकवताना त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. वळणाच्या मध्यावर वेग जास्त वाटला, तर हलका, वाढता ब्रेक घ्या, स्टिअरिंग थोडं सरळ करायला जागा असेल तर तेही करा. दणका देऊ नका.

लांब उतारावर सुरुवातीलाच खालचा गिअर घ्या, उतार अर्ध्यावर आल्यावर नाही. ब्रेक सतत घासत ठेवण्याऐवजी वेग ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की नीट दाबून खाली आणा आणि पूर्ण सोडा. सुटलेल्या वेळात डिस्कला वारा लागतो. पेडल कडक आहे पण गाडी मंदावत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड तापलेत. पेडल मऊ पडून खोल जातंय, तर ऑइल उकळतंय. दोन्ही वेळा सुरक्षित जागी थांबून गार होऊ द्यायचं. पाणी ओतायचं नाही. तापलेली डिस्क तडकू शकते.

पाण्यातून गाडी काढल्यावर, किंवा ती चार दिवस उभी राहून डिस्कवर तांबूस गंज आला असेल तर, पहिले दोन-तीन ब्रेक हळू वेगात, मागे कोणी नसताना मारून पॅड कोरडे आणि साफ करून घ्या. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत मोटरच बराचसा वेग खेचून घेते, त्यामुळे डिस्क कमी वापरल्या जातात आणि जास्त गंजतात; तिथे आठवड्यातून एकदा तरी मुद्दाम खरा ब्रेक वापरावा. आणि दुसऱ्या कोणाची गाडी घेतलीत, तर मोठ्या रस्त्याला लागण्याआधीच ताशी २० किमीवर दोन ब्रेक मारून पेडल कुठे पकडतं, ते पायाला समजू द्या.